अनित्याला औषधाचा वास

छायाचित्राला वास नसतो, आणि मोन्तिएन बूनमा या थाई कलावंताची कामं पाहताना मला दर वेळी ही उणीव बोचते. कागदावर काय दिसतं, तर धातूच्या पेट्या एकावर एक रचून उभी केलेली वास्तू, माणूस आत जाऊन उभा राहील एवढी. आत वरून टांगलेली फुफ्फुसं. आणि मातकट लेप. डोळ्यांचं काम इथे संपतं. तो लेप औषधी वनस्पतींचा आहे. पाहणाऱ्यानं आत शिरावं आणि श्वास घ्यावा, अशी कलावंताची अपेक्षा आहे. वर टांगलेली फुफ्फुसं निश्चल. खाली उभ्या असलेल्याची भरत, रिती होत असलेली. १९९५ सालच्या या कामाला त्यानं ‘निसर्गाचा श्वास : आरोकयासाला’ असं नाव दिलं.

पुस्तकाच्या पानावर हे पाहताना वास मला माझ्या पदरचा घालावा लागतो. तो मला घालता येतो, कारण आमच्या घरात एके काळी असा वास दिवसरात्र भरून होता. त्याबद्दल पुढे.

आरोकयासाला म्हणजे आरोग्यशाळा, हे मराठी वाचकाला सांगायला नको. बाराव्या शतकाच्या अखेरीस अंकोरच्या गादीवर बसलेला सातवा जयवर्मन हा बौद्ध राजा. त्याच्या राज्यातल्या आरोग्यशाळांची संख्या ता प्रोह्मच्या ११८६ सालच्या शिलालेखात १०२ दिली आहे. आजच्या ईशान्य थायलंडमध्येही त्यांचे अवशेष आहेत. या शाळांचा अधिष्ठाता होता भैषज्यगुरू, म्हणजे वैद्य झालेला बुद्ध. सगळे संस्कार अनित्य आहेत असं मानणाऱ्या राजानं इतकी इस्पितळं बांधावीत, यात मला कधी विसंगती वाटली नाही. पण त्यामागे एक प्रश्न आहे आणि तो मला अनेक वर्षं सोडत नाही. हा देह टिकणारा नाही हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, तो औषध कशासाठी उकळतो? मोन्तिएनच्या कामांपाशी मी परत परत जाते ती याच प्रश्नासाठी.

तो १९५३ मध्ये बँकॉकला जन्मला. शिल्पाकॉर्न विद्यापीठात चित्रकला शिकला, मग रोमला आणि पॅरिसला गेला, आणि परतल्यावर चियांग माई विद्यापीठात शिकवू लागला. युरोप पाहून आलेल्या या माणसानं हाताशी घेतलं ते तांदळाचं पोतं, पेंढा, म्हशीची शिंगं, माती. मिश्र माध्यम हा शब्द कलादालनांतल्या पाट्यांवर फार सैल वापरला जातो. कशालाही काहीही जोडलं की झालं मिश्र माध्यम. मोन्तिएनच्या कामात मात्र प्रत्येक पदार्थ आपला स्वभाव घेऊन येतो आणि तो स्वभाव झाकला जात नाही. माती तडकणार, मेण वितळणार, पेंढा कुजणार, वनस्पतीचा वास उडून जाणार. १९९२ च्या ‘कमळाचा नाद’ या कामात त्यानं भाजलेल्या मातीच्या घंटा एकावर एक रचून वळणदार भिंत उभी केली आणि तिच्या पलीकडे सोनेरी पाकळ्या तरंगत ठेवल्या. ते आता ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड कलासंग्रहालयात आहे. घंटा वाजत नाहीत. भिंतीसमोर उभं राहिलेल्याला ऐकू येत असेल तो स्वतःचाच श्वास.

याच वर्षांत त्याच्या बायकोला स्तनाचा कर्करोग झाला. इस्पितळं झाली, मंदिरं झाली, वनौषधी झाल्या. माणसं जे जे करतात ते सगळं त्यांनी केलं. १९९४ मध्ये ती गेली. मोन्तिएनची काष्ठौषधींनी माखलेली मोठी कामं प्रामुख्यानं त्यानंतरची आहेत.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण देहाचं अनित्य दाखवण्याची बौद्ध परंपरेतली जुनी वाट वेगळी होती. ती डोळ्यांची वाट. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषानं लिहिलेल्या विशुद्धिमग्गात अशुभ भावनेचं सविस्तर प्रकरण आहे. साधकानं स्मशानात जावं, टाकून दिलेलं प्रेत पाहावं. फुगलेलं, निळं पडलेलं, फाटलेलं, किड्यांनी भरलेलं, शेवटी नुसती हाडं, अशा दहा अवस्था. पाहावं, मनात धरावं आणि परत येऊन स्वतःच्या देहाकडे त्याच नजरेनं बघावं. थायलंडमध्ये तरुण मुलानं काही काळ भिक्खू होण्याची रीत आहे, आणि दीक्षा देताना उपाध्याय त्याच्या हाती ध्यानाचं पहिलं साधन ठेवतात ते पाच गोष्टींचं: केस, रोम, नखं, दात, त्वचा. माणसाचं जे रूप आपण पाहतो ते या पाचांपुरतंच. त्याखाली काय आहे ते नंतर.

विशुद्धिमग्गाशी आपला संबंध जवळचा आहे. गोव्यातल्या सांखवाळ गावी १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी या एका ग्रंथामागे आयुष्यभर राहिले. सिंहलद्वीपात जाऊन ते पाली शिकले, भिक्खू झाले. पुढे हार्वर्डला जाऊन हेन्री क्लार्क वॉरन यांचं अपुरं राहिलेलं संपादन त्यांनी हाती घेतलं. मुंबईहून देवनागरी आवृत्ती काढली. आणि १९४७ च्या जूनमध्ये, आता या देहाकडून काम होत नाही असं ठरवून, सेवाग्रामला अन्नत्याग करून त्यांनी तो ठेवला. त्या ग्रंथातलं अनित्य त्यांनी नुसतं संपादित केलं नव्हतं. कोसंबींच्या त्या शेवटच्या दिवसांविषयी वाचताना मला आदर वाटतो आणि त्याच वेळी छातीत काहीतरी घट्ट होतं. मी त्यांच्या घरातली असते तर भाताच्या पेजेची वाटी घेऊन त्यांच्या उशाशी बसले असते.

ही डोळ्यांची वाट जपानमध्ये चित्रांत उतरली. ‘कुसोझू’ म्हणजे प्रेताच्या नऊ अवस्थांची चित्रं. शतकानुशतकं ती काढली गेली. ब्रिटिश म्युझियममध्ये कोबायाशी एइताकु या एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकाराची रेशमावरची एक गुंडाळी आहे. पहिल्या चित्रात नटलेली गणिका, मग तिचं कलेवर, मग रंग बदलत, फुगत, पक्षी आणि प्राणी टोचत, शेवटी विखुरलेली हाडं. रेषा इतकी नाजूक की नजर हटत नाही. तरी मला त्या परंपरेबद्दल एक तक्रार आहे. या चित्रांत कुजणारा देह जवळजवळ नेहमी बाईचा असतो. एखादी राणी, एखादी प्रसिद्ध कवयित्री, एखादी गणिका. पुरुषाच्या आसक्तीवर उतारा म्हणून बाईनं मरायचं, सडायचं, आणि त्यानं शिकायचं. खुद्द बुद्धघोषानं साधक पुरुषाला सावध केलं होतं की स्त्रीचं प्रेत त्याला ध्यानासाठी योग्य नाही. चित्रकारांनी नेमकं तेच निवडलं. त्या बाईला कुणी काही विचारलं नाही. ती कुणाची कोण होती, तिच्या उशाशी कोण बसलं होतं, हे त्या रेशमावर कुठेच नाही.

म्हणून अराया रासजार्मरीअनसूक ही दुसरी थाई कलावंत मला महत्त्वाची वाटते. ती १९५७ मध्ये जन्मली; आई फार लहानपणी गेली. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस ती चियांग माईच्या एका इस्पितळाच्या शवागारात जाऊ लागली आणि बेवारस प्रेतांना जुन्या थाई प्रेमकथा वाचून दाखवू लागली. त्याची चलचित्रं तिनं केली. २००५ च्या एका कामात ती फळा घेऊन उभी आहे, समोर पांढऱ्या चादरींखाली प्रेतं ओळीनं निजलेली, आणि ती त्यांना मृत्यू हा विषय शिकवते आहे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला नको झालं होतं. मृत माणसाची संमती कुठे आहे, हा प्रश्न आजही माझ्या मनात आहे आणि तो असायलाच हवा. पण हळूहळू तिच्या आवाजाकडे लक्ष गेलं. ती त्यांच्याकडे धडा म्हणून बघत नाही. ती त्यांच्याशी बोलते. ज्यांना न्यायला कुणी आलं नाही त्यांच्यापाशी बसून कुणीतरी काहीतरी वाचतं आहे, एवढंच दिसत राहतं. २००५ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत थायलंडच्या दालनात अराया आणि मोन्तिएन यांची कामं एकत्र मांडली गेली. मोन्तिएन तोपर्यंत गेला होता. मरणाऱ्यांची राहण्याची इच्छा आणि जिवंतांची निघण्याची तयारी, अशा आशयाचं शीर्षक त्या दालनाला होतं.

मोन्तिएननं आणखी वेगळं केलं. ज्या देहावर त्याचं प्रेम होतं तो त्यानं दाखवलाच नाही. आजाराचं, झिजलेल्या शरीराचं, प्रेताचं चित्र त्यानं पुढे ठेवलं नाही. त्यानं नाकाची वाट निवडली. दृश्य समोर असतं, आपण मागे सरकू शकतो, डोळे मिटू शकतो. वास आत येतो. कुटलेल्या मुळीचा कण नाकातून आत गेला की ते काम तुमच्या देहात असतं आणि पुढच्या उच्छ्वासाला थोडं बाहेर गेलेलं असतं. अनित्याची शिकवण इतकी जवळ आणणारं दुसरं माध्यम मला सुचत नाही. इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेच्या शिबिरात पहिले दिवस फक्त नाकपुड्यांखालच्या, ओठांवरच्या जागेकडे लक्ष ठेवायचं असतं. श्वास येतो, जातो. थंड येतो, कोमट जातो. दुसरं काही करायचं नाही. तिथल्या धम्मकक्षात बसले असताना मला पहिल्यांदा जाणवलं की जो श्वास आत्ता गेला तो परत यायचाच असं कुठे लिहिलेलं नाही, आणि तरी नाक पुढच्याची वाट बघतं. ही वाट बघणं शिकवून आलेलं नसतं. ते देहाचं स्वतःचं आहे.

आता आमच्या घराबद्दल.

आमच्याकडे रोज सकाळी वंदना होते. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, पुढे मेणबत्ती, आणि बाबांचा खर्जातला आवाज. सारे संस्कार अनित्य आहेत, हे मी अक्षरओळख होण्याआधी कानांनी ऐकलं आहे. गावात कुणी गेलं की बाबा पुढे होऊन पाठ म्हणत, आणि माणसं त्यांच्या आवाजानं शांत होत. मग आईला आजार झाला. फुफ्फुसं हळूहळू घट्ट होत जाणारा, मागे न फिरणारा. डॉक्टरांची औषधं चालू होती, खोलीत ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं, आणि त्याबरोबर बाबांनी काढा सुरू केला. डॉक्टरांना विचारून, त्यांनी चालेल म्हटल्यावर. काष्ठौषधीच्या दुकानातून अडुळसा, ज्येष्ठमध, बेहडा, पिंपळी, सुंठ आणून ते स्वतः कुटत. पहाटे वंदना आणि लगेच पातेलं गॅसवर. जन्मात स्वयंपाकघरात फारसे न वावरलेले बाबा त्या पातेल्यापाशी उभे राहत, पाणी चौथाई होईपर्यंत.

एका सकाळी माझ्यानं राहवलं नाही. “बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला समजलंय ना?”

“समजलंय,” ते म्हणाले. “गाळणं दे इकडे.”

आई काढा निम्मा पिऊन निम्मा ठेवून देई. “कडू केलाय आज,” म्हणे. बाबा म्हणत, “उद्या ज्येष्ठमध वाढवतो.” त्या दोघांच्या बोलण्यात बरं होण्याचा विषय नसे, उद्याचा असे. तिला त्या वाफेनं थोडं मोकळं वाटायचं, वाटी नाकाजवळ धरून ती कितीतरी वेळ बसायची. पडदे, उशा, बाबांचे सदरे, सगळ्याला तो वास लागला होता. ती गेल्यावर यंत्र परत गेलं, पलंग हलवला, वास मात्र राहिला. मग तोही विरळ होत गेला. कधी संपला ते कळलं नाही. एक दिवस कपाट उघडलं आणि लक्षात आलं की आता नाही.

बाबांच्या त्या पातेल्याचा अर्थ मला पुढे ग्रंथात सापडला, हे थोडं उलटं वाटेल. विनयपिटकातल्या महावग्गात एक सबंध प्रकरण औषधांचं आहे. आजारी भिक्खूंना बुद्धानं कशाकशाची अनुज्ञा दिली त्याची यादी. मुळ्यांमध्ये हळद, आलं, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा, नागरमोथा. फळांमध्ये हिरडा, बेहडा, आवळा, पिंपळी, मिरी. तूप, लोणी, तेल, मध, गूळ हे तर आधीच. वाचता वाचता मला हसू फुटलं आणि रडूही आलं. ही तर आमच्या आजीच्या बाळगुटीची पुरचुंडी, हे तर बाबांचं पातेलं. ज्या तोंडानं सगळं विनाशी आहे असं सांगितलं, त्याच तोंडानं वेखंड उगाळायचं कसं तेही सांगितलं. त्याच महावग्गात पुढे एका भिक्खूची हकिकत आहे. पोट बिघडून तो स्वतःच्या घाणीत पडलेला असतो, कुणी विचारत नाही. बुद्ध पाणी मागवतात, स्वतः ओततात, आनंद त्याला धुतो, मग डोक्याकडून एक आणि पायांकडून एक असे दोघं त्याला उचलून खाटेवर ठेवतात. अनित्याचं प्रवचन त्या वेळी होत नाही. अंघोळ होते.

अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातलं महापरिनिर्वाण आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलं आहे. डाव्या हाताला भिंतभर, सात मीटरच्या आसपास लांबीचा, कुशीवर पहुडलेला बुद्ध. शाळेच्या सहलीत आम्ही त्याचा चेहरा पाहिला आणि पुढे गेलो. नंतर गेले तेव्हा खालची रांग पाहिली. मंचकाखाली शोक करणारी माणसं आहेत, हातावर डोकं टेकलेली, खचून बसलेली. शिल्पकारानं त्यांना लपवलं नाही, की त्यांना कच्चे शिष्य ठरवलं नाही. वर देव, मध्ये शांत चेहरा, खाली दुःख, आणि सगळं एकाच दगडात. पाली कथेत आनंद दाराला टेकून रडतो. त्यानं ती शिकवण साऱ्यांहून जास्त ऐकली होती.

मोन्तिएन स्वतः आजारी पडला तोही नव्वदीच्या दशकातच. त्यालाही कर्करोगानं गाठलं. १९९८ च्या सुमारास त्यानं ‘वितळती पोकळी : मनासाठी साचे’ हे काम केलं. बुद्धमूर्तीच्या मस्तकाचा साचा, बाहेरून खडबडीत, सळ्या आणि आधार उघडे. पाहणाऱ्यानं आपलं डोकं त्या साच्याच्या आत न्यायचं. आत चेहरा उलटा कोरलेला. नाकाच्या जागी खळगा, मिटल्या डोळ्यांच्या जागी उतार. आणि आतून पुन्हा वनौषधींचा लेप. धातूच्या मूर्ती ओतण्याची पद्धत ज्याला ठाऊक आहे त्याला यातली खोच कळेल. आधी मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर मातीचं लिंपण चढवतात, मग भट्टीत मेण वितळून निघून जातं आणि राहिलेल्या पोकळीत धातू ओततात. पोकळी थोडाच वेळ असते. मेण गेलेलं, धातू यायचा. मोन्तिएननं तो थोडा वेळ थांबवून धरला आणि तिथे पाहणाऱ्याला उभं केलं. मूर्तीसमोर हात जोडायची सवय असलेल्या माणसाला त्यानं मूर्तीच्या जागी नेलं. तिथे बघण्यासारखं जवळजवळ काहीच नाही, अंधार आहे आणि औषधाचा वास आहे. स्वतःचा श्वास त्या उलट्या चेहऱ्यावर आपटून परत आपल्याच तोंडावर येत असेल.

संग्रहालयांचा विचार मनात आला की मी थोडी अडखळते. धातू, माती, लाकूड सांभाळता येतं. वासाचं काय करायचं? नवा लेप द्यायचा, तर तो कुणाच्या हातचा? न द्यावा, तर काम मुकं होत जाणार. मला विचाराल तर लेप ताजा करत राहावा. ज्याला कधीही हात लावायचा नाही अशा पवित्र अवशेषासारखं त्याला जपणं मोन्तिएनच्या कामाच्या स्वभावाशी जुळत नाही. कुणीतरी खलबत्ता घ्यावा, कुटावं, हातांना वास लागू द्यावा. आरोग्यशाळेत रोज तेच चालत असणार.

१९९७ मध्ये न्यूयॉर्कला त्यानं ‘आशेचं घर’ उभं केलं. औषधी वनस्पतींच्या गोळ्या दोऱ्यांत ओवून असंख्य माळा छतापासून खाली सोडलेल्या, इतक्या दाट की त्यांचंच घर झालेलं. सभोवतीच्या भिंतींवर काष्ठौषधींच्या आणि मसाल्यांच्या रंगांचे ढगांसारखे पट. २००० च्या ऑगस्टमध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. पण ‘आशेच्या घरा’बाबत मला खटकत राहिलेली तारीख वेगळी होती. बायको तर १९९४ मध्येच गेली होती. मग एवढ्या गोळ्या वळायच्या कुणासाठी, आणि आशा कसली? बाबांनी आई गेल्यानंतरही काही दिवस काढा केला होता, हे मला त्या छायाचित्रापाशीच आठवलं. शेजारच्या काकूंना खोकला होता, त्यांच्यासाठी ते डबा भरून नेत. मग त्यांच्या नातवासाठी, मग वाहनतळावरच्या रखवालदारासाठी. न्यूयॉर्कच्या त्या खोलीत शिरणारी माणसं मोन्तिएनला ओळखत नव्हती, त्याच्या बायकोबद्दल तर त्यांना काहीच माहीत नसणार. ती दारातून आत आली की औषध त्यांचं होतं.